बढाईचा गुन्हा

२०२३ सालच्या एप्रिल महिन्यात महाराष्ट्राच्या पोलीस खात्याला एकाएकी संगीतश्रवणाची गोडी लागली. छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या तरुणाने ‘खोक्यां’वर एक रॅप रचले आणि समाजमाध्यमावर टाकले, तिकडे दूर अंबरनाथला त्याच्याविरुद्ध गुन्हा नोंदवला गेला. मुंबईच्या उमेश खाडे याने लुबाडल्या गेलेल्या जनतेची कैफियत अशाच चालीत मांडली; वडाळ्याच्या पोलिसांनी त्याच्यावर गुन्हा दाखल केला. त्याच महिन्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या इमारतीत तलवार, पिस्तूल आणि दारूची बाटली मांडून आपल्या रॅपचे चित्रीकरण केल्यावरून आणखी एका तरुणावर चतुःशृंगी पोलीस ठाण्यात फिर्याद झाली. एका महिन्यात तीन गायक! कवनांचा एवढा धसका मराठी मुलखातील सत्ताधाऱ्यांनी बऱ्याच वर्षांत घेतलेला नव्हता.

या तिघांची मोट बांधणे बऱ्याच जणांना सोयीचे वाटले. ‘आजकालच्या पोरांना काही ताळतंत्र उरलेला नाही’ एवढ्या एका वाक्यात तिन्ही प्रकरणांचा निकाल लावता येतो. वस्तुतः त्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिल्या दोघांनी राज्यकर्त्यांना जाब विचारला. तिसऱ्याने जाब कुणालाच विचारला नाही. त्याने आपण किती दांडगे आहोत याची शेखी मिरवली. पहिल्या दोघांचा अधिकार निर्विवाद आहे आणि त्यांच्यावरील कारवाई ही निखळ दडपशाही होती. परंतु वादाचा खरा मुद्दा तिसऱ्यापाशी आहे, कारण त्याच्या बाजूने बोलायला कुणी पुढे येत नाही. ‘मी असा, मी तसा, माझ्यासमोर कोण उभा राहतो’ असे गाणे म्हणणाऱ्या पोराचे करायचे काय? विद्यापीठाची इमारत विनापरवाना वापरली असेल तर त्याचा दंड करावा. पण बढाई हा गुन्हा आहे काय? आणि असेल, तर तो केवळ गरिबानेच केला म्हणजे गुन्हा होतो काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाकडील कवठे महांकाळला जावे. जानेवारी २०२२ मध्ये तेथील नगरपंचायतीची निवडणूक झाली. प्रचारात रोहित पाटील या आर. आर. पाटील यांच्या चिरंजीवांनी भाषण केले. आज आपले वय तेवीस आहे, पंचवीस होईपर्यंत विरोधकांचे काहीही शिल्लक ठेवणार नाही आणि निकालाच्या दिवशी त्यांना आपल्या वडिलांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही, असा त्याचा आशय होता. सतरापैकी दहा जागा त्यांच्या पक्षाला मिळाल्या, आणि ते भाषण महाराष्ट्रभर घरोघरच्या मोबाईलवर वाजले. सगळ्यांनी कौतुकाने ऐकले. विरोधकांचे काही शिल्लक ठेवणार नाही, ही भाषा रॅपच्या आखाड्यातील भाषेपेक्षा कोणत्या अर्थाने वेगळी आहे? एक सूर, एक ताल आणि मागे ढोलकीऐवजी यंत्राचा ठोका जोडला असता तर त्याचे उत्तम रॅप झाले असते. त्या भाषणाबद्दल कुणी फिर्याद केली नाही, आणि ते योग्यच झाले. निवडणुकीच्या मैदानात तरण्या पोराने दंड थोपटू नयेत तर काय करावे? मतदारांनी २०२४ मध्ये त्यांना आमदारही केले. म्हणजे बढाई निषिद्ध नाही. ती मारण्यासाठी मागे घराणे, पक्ष आणि व्यासपीठ असावे लागते, एवढीच अट आहे.

ज्याच्यामागे यातले काहीच नाही, त्याचे काय? कवठे महांकाळ हा पर्जन्यछायेतला तालुका. अग्रणी नदी वर्षातला बराचसा काळ नावापुरती असे. म्हैसाळ योजनेचे पाणी आले तरी वीजबिल थकले की पंप बंद, ही कहाणी इथल्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षे ऐकलेली आहे. द्राक्षे आणि बेदाणा यांनी काही घरे वर काढली. एका अवकाळी पावसाने तीच घरे खालीही आणली. आणि ज्यांच्या वाट्याला ना बाग ना पाणी, त्यांनी खानापूर–आटपाडी–तासगावच्या भावंडांबरोबर गलाईची वाट धरली. भारताच्या कानाकोपऱ्यांतील शहरांत, सराफकट्ट्यांमागच्या अरुंद बोळांत, भट्टीसमोर आणि तेजाबाच्या वाफेत बसून ही माणसे दुसऱ्यांचे सोने वितळवतात, शुद्ध करतात आणि परत करतात. आयुष्यभर हातातून सोने वाहते. त्यांतल्या काहींनी पुढे स्वतःची पेढी काढली, हे खरे. बहुतेकांच्या वाट्याला फुप्फुसात गेलेली वाफच आली. अशा बापाचा मुलगा जेव्हा गळ्यात जाड साखळी घातलेल्या गायकाचे गाणे दिवसातून दहा वेळा ऐकतो, तेव्हा त्याच्या अभिरुचीला नावे ठेवणाऱ्यांनी त्याच्या घरातल्या सोन्याचा हा इतिहास आधी समजून घ्यावा.

पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरील वस्तीतून आलेला एमसी स्टॅन फेब्रुवारी २०२३ मध्ये दूरचित्रवाणीवरील ‘बिग बॉस’च्या सोळाव्या पर्वाचा विजेता झाला. आपल्या पायांतले बूट ऐंशी हजारांचे आहेत, हे त्याचे सांगणे त्या पर्वात देशभर गाजले. या ऐंशी हजारांचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. २०२३-२४ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावरची मजुरी दिवसाला २७३ रुपये होती. म्हणजे त्या बुटांची किंमत झाली २९३ दिवसांची मजुरी. कायद्याने केंद्राची हमी त्या वेळी वर्षाला शंभर दिवसांची होती. तेव्हा ते बूट म्हणजे जवळजवळ तीन वर्षांची पूर्ण हमी, तीही पोटाला काही न घालता. ज्या रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांनी मांडली आणि जिचा पहिला प्रयोग कवठे महांकाळच्या शेजारच्या तासगाव तालुक्यात झाला, तिची ही गत झाल्यावर तालुक्यातल्या पोराने बुटांचे स्वप्न पाहू नये तर कशाचे पाहावे?

अशा वेळी आक्षेप घेणारे दोन बाजूंनी येतात. पहिले संस्कृतिरक्षक. त्यांच्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. मार्च २०२३ मध्ये इंदूरला याच स्टॅनच्या कार्यक्रमात मंचावर चढून त्यांनी कार्यक्रम बंद पाडला, यावरून त्यांची चर्चापद्धती कळते. मार्च २०२५ मध्ये मुंबईत खारच्या ज्या सभागृहात कुणाल कामराने एकनाथ शिंदे यांच्यावर विडंबन गायिले, त्या सभागृहाची मोडतोड करणारेही याच परंपरेतले. परंतु विरोधी बाकांवरच्या मंडळींनीही फार सोवळे होऊ नये. मुंगासे आणि खाडे यांच्यासाठी गळा काढणाऱ्या पक्षांचे राज्य असताना, मे २०२२ मध्ये, शरद पवारांविषयीच्या एका समाजमाध्यमी मजकुरासाठी केतकी चितळे हिला चाळीस दिवस कोठडीत आणि तुरुंगात काढावे लागले होते. तो मजकूर घाणेरडा होता. घाणेरड्या मजकुराला चाळीस दिवसांचा तुरुंग, हे माप एकदा मान्य केले की पुढचे सरकार तेच माप घेऊन दुसऱ्याच्या दारात उभे राहते. ऑगस्ट २०२२ मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर आमदारांनी ‘पन्नास खोके’ची घोषणा बेंबीच्या देठापासून दिली. आमदाराने पायरीवर म्हटले तर लोकशाही आणि मुंगासेने घरात बसून म्हटले तर गुन्हा, असा हा न्याय आहे.

दुसरे आक्षेपक अधिक जवळचे आहेत, म्हणून त्यांच्याशी अधिक नेटाने भांडले पाहिजे. हे म्हणजे समाजवादी चळवळीत केस पिकलेले कार्यकर्ते. त्यांचे म्हणणे असे की, रॅप हा चंगळवादाचा कर्णकर्कश आविष्कार आहे; अमेरिकी भांडवलशाहीने आपला कचरा तिसऱ्या जगाच्या गळ्यात मारला आहे; श्रमाची प्रतिष्ठा गाणारी गाणी सोडून पोरे गाडी, पैसा आणि दहशत यांची गाणी गातात. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे, तो पुढे येईलच. पण त्याची पहिली पायरीच डळमळीत आहे. हे गाणे अमेरिकी भांडवलदारांच्या दिवाणखान्यात जन्मले नाही. ऑगस्ट १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, जमैकाहून आलेल्या एका कुटुंबातील मुलाने आपल्या इमारतीच्या दालनात तबकड्या वाजवून जी मेजवानी घातली, तिथपासून त्याची वंशावळ सांगतात. ब्राँक्स म्हणजे त्या काळी घरमालकांनी आणि नगरप्रशासनाने वाऱ्यावर सोडलेली वस्ती. ज्याचे नाव कुठल्याही दप्तरात सन्मानाने लिहिले जाणार नव्हते, त्याने आपले नाव स्वतःच मोठ्याने घेतले. बढाई ही त्या गाण्याला मागाहून जडलेली विकृती नाही. ती त्याची नाळ आहे.

आणि मराठी शाहिरीची नाळ तरी कोणती? कलगीवाले आणि तुरेवाले रात्र रात्र समोरासमोर उभे राहून एकमेकांची अक्कल काढीत. कूट घालीत, सोडवीत, आणि हरलेल्याला डफ खाली ठेवायला लावीत. ‘सोडव नाहीतर शिष्य हो’ ही त्यांची रीत. आपल्या फडाची आणि गुरूची थोरवी गायिल्याशिवाय त्यांचे कवन पुरे होत नसे. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षच्या कुलकर्ण्यांच्या घरात १८६६ साली जन्मलेला श्रीधर कृष्ण कुलकर्णी वतन आणि सोवळे टाकून तमाशात गेला आणि पठ्ठे बापूराव झाला. नावातच ‘पठ्ठे’! आपल्या लावण्यांची संख्या दोन लाखांवर असल्याचे त्याच्या नावावर सांगितले जाते. ती कुणी मोजली, हे विचारण्यात अर्थ नाही. जातीने बहिष्कृत केलेल्या माणसाने स्वतःभोवती उभारलेला तो तट होता. मराठी समीक्षक या तटाचे कौतुक करतात आणि ताडीवाला रस्त्यावरच्या पोराने तसाच तट उभारला की नाकाला रुमाल लावतात. शंभर वर्षे गेली की बढाई लोकसाहित्य होते, असा काही नियम असेल तर तो एकदा जाहीर करावा.

बापूरावाच्या काळी सभ्य समाजाने तमाशाला जे म्हटले तेच आज रॅपला म्हटले जाते: अश्लील, उद्दाम, पोरे बिघडवणारे. स्वातंत्र्यानंतरच्या राज्यकर्त्यांनीही तमाशाला शिस्त लावण्यासाठी संहिता परिनिरीक्षणाला मागितल्या. तरीही मिरजेजवळच्या कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी ‘जहरी प्याला’ या वगात पोलीस शिपायांची जी रेवडी उडवली, ती पाहायला खुद्द पोलीसही बसत आणि पोट धरून हसत. आजचे पोलीस ठाणे मात्र कवन ऐकले की डायरी उघडते. तमाशातला शिपाई आणि ठाण्यातला शिपाई यांच्यातले अंतर संपले आहे.

जुन्या कार्यकर्त्यांनी आणखी एक गोष्ट आठवावी. २००५ साली गृहमंत्री असलेल्या आर. आर. पाटील यांनी, जे पुढे तासगाव–कवठे महांकाळचे आमदार झाले, राज्यातील डान्सबारांवर बंदी घातली. हेतू प्रामाणिक होता, आणि पुरोगाम्यांतील कित्येकांनी टाळ्या वाजवल्या. हजारो स्त्रियांची रोजी गेली; त्यांचे पुढे काय झाले याची चौकशी टाळ्या वाजवणाऱ्यांनी केली नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली. गरिबाची करमणूक आणि गरिबाची रोजी यांच्याकडे नीतीच्या चष्म्यातून पाहण्याची खोड उजव्यांची मक्तेदारी नाही.

मग या बढाईत काहीच खोट नाही काय? आहे, आणि ती मोठी आहे. पहिली खोट स्त्रीविषयीची. यांतल्या बहुसंख्य गाण्यांत स्त्री म्हणजे गाडी आणि साखळी यांच्यानंतर येणारी तिसरी वस्तू. प्रतिस्पर्ध्याला शिवी घालायची तर ती त्याच्या आई-बहिणीवरून. या शिवीला वस्तीची भाषा म्हणून माफी देणे हा वस्तीतल्या बायकांचा अपमान आहे. त्या तीच शिवी दिवसभर ऐकतात. इथेही परंपरेचा दाखला देता येतो, पण तो अभिमानाचा नाही. पठ्ठे बापूरावाची बढाई महाराष्ट्राच्या ध्यानात राहिली. जिच्या गळ्याने आणि पायांनी ती लावणी उभी राहिली, ती महार समाजातील पवळा हिवरगावकर मात्र त्याच्या चरित्रातल्या एका प्रकरणापुरती उरली. तिने स्वतःची बढाई मारली असेल तर ती कुणी टिपून ठेवली नाही.

दुसरी खोट अर्थकारणातली. २०१६ नंतर मोबाईलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि प्रत्येक पोराच्या हाती व्यासपीठ आले, असे सांगतात. व्यासपीठ आले, मालकी आली नाही. कवठे महांकाळचे पोर मित्रांकडून उसनवारी करून गाणे ध्वनिमुद्रित करते, एका दिवसासाठी कुणाची तरी गाडी आणि कुणाची तरी साखळी मागून आणते, आणि चित्रफीत परदेशी कंपनीच्या दारात नेऊन ठेवते. ती किती लोकांना दाखवायची हे कंपनी ठरवते. जाहिरातीचा पैसा कंपनी मोजते आणि त्यातला किती भाग पोराला द्यायचा तेही तीच ठरवते. द्राक्षबागायतदाराला दलालाचा हा व्यवहार नवा नाही: माल आपला, वजनकाटा त्याचा. श्रीमंतीचे गाणे म्हणणारे हजारो आणि श्रीमंत झालेले मोजके, आणि त्या मोजक्यांकडे पाहून पुढचे हजारो रांगेत. लॉटरीची दुकानेही याच तत्त्वावर चालतात.

तिसरी गोष्ट खोट म्हणावी की घात, हे ठरवणे कठीण आहे. ज्या पोराला स्वतःची बढाई मारायला जमत नाही, त्याला दुसऱ्याची मारायला भाड्याने घेतले जाते. तालुक्याच्या गावी कुणा ‘दादा’चा, ‘भाऊ’चा वाढदिवस असतो. चौकात फलक लागतात, ट्रॅक्टरवर डॉल्बी चढते आणि दादाच्या नावाचे खास बनवून घेतलेले गाणे सुरू होते: दादा वाघ, दादा किंग, दादाच्या नादाला लागू नका. यात धमकी आहे, दहशत आहे, कधी कधी तलवारीने केक कापणेही आहे. चतुःशृंगीच्या फिर्यादीत जे जे होते त्यातले बरेचसे इथे भर रस्त्यावर असते, आणि बंदोबस्ताला पोलीस असतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद व्हायला हवा. दादाचे घड्याळ वेगळे चालते. सप्टेंबर २०२३ मध्ये सांगली जिल्ह्यात गणेश विसर्जनाच्या मिरवणुकांतील दणदणाटात दोन तरुणांचे प्राण गेल्याच्या बातम्या आल्या. पोलीस खात्याला गाण्यापासून जनतेचे रक्षणच करायचे असेल, तर कामाला सुरुवात कुठून करावी हे यावरून कळण्यासारखे आहे. शब्दाला कायदा आणि आवाजाला मोकळीक, असा उफराटा कारभार चालू आहे.

बढाईची हीच नाळ दुसरीकडे वळवता येते, याचा दाखला आफ्रिकेत आहे. पश्चिम आफ्रिकेतही राजांची आणि घराण्यांची थोरवी गाणाऱ्या भाटांची जुनी परंपरा. तिथल्या रॅपमध्येही गाडी, पैसा, ‘मीच राजा’ यांची रेलचेल आहे. डाकार असो की लागोस, एखादे गाणे गाजते ते बहुधा अशाच आत्मस्तुतीने. पण २०११ साली सेनेगलमध्ये विजेच्या लपंडावाला विटलेल्या काही रॅपगायकांनी आणि पत्रकारांनी ‘यां आ मार’, म्हणजे ‘पुरे झाले’, नावाची चळवळ काढली. वस्त्यावस्त्यांत जाऊन तरुणांची नावे मतदारयादीत घातली. वृद्ध राष्ट्राध्यक्ष अब्दुलाय वाद यांनी घटनाबदलाचा घाट घातला तेव्हा, २३ जून २०११ रोजी, संसदेसमोर जमलेल्या जनसमुदायात हे गायक होते. सरकारला माघार घ्यावी लागली. पुढच्या मार्चमध्ये वाद निवडणूक हरले. जिंकून आलेल्या मॅकी सॅल यांच्याशीही गायकांचे पुढे खटके उडाले, हे त्यांच्या बाजूने बोलणारेच प्रमाणपत्र आहे. ट्युनिशियात ‘एल जनराल’ नावाने गाणाऱ्या तरुणाने राष्ट्राध्यक्षांना उद्देशून रॅप रचले. जानेवारी २०११ मध्ये त्याला घरातून उचलून नेले आणि काही दिवसांतच सोडावे लागले. १४ जानेवारीला राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले. गाण्याने राजवट उलथली, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. बेकारीने आणि भाववाढीने ती आधीच पोखरली होती. मात्र ‘माझ्यासमोर कोण उभा राहतो’ असे म्हणण्याची सवय असलेल्या जिभेला ‘आमच्यासमोर कोण उभा राहतो’ असे म्हणायला फार वेळ लागला नाही. खाली मान घालण्याची सवय लागलेल्या जिभेला तो फार लागतो.

इथे समाजवाद्यांनी आपल्याच घरात डोकावणे बरे. एके काळी राष्ट्र सेवा दलाचे कलापथक गावोगाव जात असे. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले, ते साम्यवाद्यांचे. पण ढोलकी दोन्हीकडे तीच होती आणि समोर बसलेला शेतमजूरही तोच. त्या पथकांना कुणी अभिरुचीहीन म्हटले नाही असे नाही. त्यांनी ते ऐकून घेतले आणि गाणे चालू ठेवले. आज तालुक्याच्या शाखेत कोण उरले आहे? वर्षातून एकदा जयंती, एकदा स्मृतिदिन, आणि समोर पंचवीस खुर्च्यांवर तीच पंचवीस माणसे. बाहेर एसटी स्थानकासमोर कानांत दोऱ्या घालून उभ्या असलेल्या पोरांना आत काय चालले आहे याची उत्सुकता नाही, आणि आतल्यांना ती पोरे काय ऐकत आहेत याची. मुंगासे आणि खाडे यांना शब्द कुठल्याही पक्षाच्या अभ्यासवर्गाने शिकवले नव्हते. त्यांच्यावर गुन्हे दाखल झाल्यावर पत्रके निघाली, त्यात समाजवाद्यांचे पत्रकही असेल. परंतु गुन्हा दाखल होण्याआधी त्यांचे गाणे किती कार्यकर्त्यांनी ऐकले होते?

जुलै २०२५ मध्ये राज्याच्या दोन्ही सभागृहांनी जनसुरक्षा विधेयक संमत केले, कडव्या डाव्या विचारांच्या बंदोबस्तासाठी म्हणून. त्याविरुद्ध सभा होतील, ठराव होतील. त्या सभांत दीड तासाच्या अध्यक्षीय भाषणाआधी तालुक्यातल्या दहा पोरांना माईक द्यायला काय हरकत आहे? पहिली पाच मिनिटे त्यांनी स्वतःची शेखी मिरवावी. आईबहिणीवरची शिवी मात्र माईकवर चालणार नाही, आणि ती का चालणार नाही हे त्यांना समोर बसलेल्या बायकाच सांगतील. पुढची पाच मिनिटे म्हैसाळच्या पंपाची, गलाईच्या भट्टीची, भरती न निघालेल्या परीक्षेची. कवठे महांकाळच्या बाजारात ध्वनिक्षेपकाला परवानगी मिळते, रात्री दहापर्यंतची; त्यासाठी पोलीस ठाण्यात एक अर्ज करावा लागतो.